छताचं प्लास्टर पुन्हा पुन्हा का पडतं? गंजलेल्या स्लॅबची दुरुस्ती कुठून सुरू करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ १९९२ साली बांधलेलं घर, भिंती चिऱ्याच्या, वर आरसीसी स्लॅब. स्वयंपाकघराच्या छताचं प्लास्टर काही वर्षांपूर्वी पडलं, तेव्हा गवंड्याकडून परत करून घेतलं. या पावसाळ्यात तोच भाग शेजारचा तुकडा घेऊन खाली आला. तुकडा इंचभर जाड होता, त्याच्या मागे सळईची तपकिरी खूण होती आणि आता सळया उघड्या दिसताहेत. गवंडी म्हणतो, वरून गच्चीवर तीन इंच नवा कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या मसाल्याचा थर, टाकू आणि खालून वॉटरप्रूफ प्लास्टर मारू. तर हे काम करून घ्यावं का?

नका करून घेऊ. आज ही दोन कामं केलीत तर पैसे जातीलच, शिवाय स्लॅबवरचा धोका वाढेल. कोकणात अशा गंजलेल्या स्लॅबांची दुरुस्ती हेच माझं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे पडलंय ते नुसतं प्लास्टर नाही. छताचं प्लास्टर सहा ते दहा मिलिमीटरचं असतं. इंचभर जाडीचा तुकडा पडला म्हणजे प्लास्टरसोबत सळईखालचं काँक्रीट, ज्याला आम्ही कव्हर म्हणतो, तेही सुटून आलं. ते सुटलं कारण आतली सळई गंजून फुगली. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो. एवढा दाब काँक्रीटला सोसवत नाही. आधी सळईच्या रेषेत बारीक भेग जाते, मग कव्हर पोकळ होतं आणि एक दिवस खाली येतं.

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही, कारण सिमेंटमुळे आतलं वातावरण कमालीचं अल्कधर्मी असतं. पीएच साडेबारा-तेराच्या आसपास. त्यात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हा थर दोन वाटांनी जातो. पहिली वाट हवेची: हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो आणि काँक्रीटचा पीएच नऊच्या खाली आणतो. कव्हर पातळ असेल, काँक्रीट सच्छिद्र असेल तर हे लवकर होतं. दुसरी वाट मिठाची, आणि आपल्या किनाऱ्यावर तीच जास्त घातक. त्या काळात खाडीची रेती सर्रास वापरली जायची आणि ती गोड्या पाण्याने धुऊन घेणारे थोडे होते. त्या रेतीतलं मीठ आजही तुमच्या स्लॅबमध्ये बसलेलं असू शकतं. त्यात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची भर. मीठ असेल तर पीएच चांगला असूनही सळई गंजते. त्या वेळच्या पिळाच्या टॉर सळया गंजायला जास्त नाजूक, हेही आहेच. पण या सगळ्याला पाणी लागतं. ते तुमच्या गच्चीवरून येतंय.

मागच्या वेळी केलेलं प्लास्टर का टिकलं नाही, हे यावरून लक्षात येईल. गवंड्याने गंजलेल्या सळईवर वाळू-सिमेंट चढवलं. वरून पाणी येतच राहिलं, आत गंज वाढतच राहिला. शिवाय स्वयंपाकघराच्या छतावर फोडणीच्या धुराचा तेलकट थर असतो. तो खरवडून, धुऊन काढल्याशिवाय मारलेलं प्लास्टर मुळात धरतच नाही.

आता आज काय करायचं. त्या पडलेल्या भागाखाली कोणी बसत-झोपत असेल तर ती जागा मोकळी करा. शेगडी तिथेच असेल तर काही महिने दुसरीकडे हलवा. वाकलेला किंवा भेगाळलेला भाग दिसत असेल तर भाड्याने मिळणारे लोखंडी टेकू आणून लावा. प्रत्येक टेकूच्या वर आणि खाली फळी हवी, नाहीतर टेकू एकाच बिंदूवर जोर देतो. मग एक लहान हातोडी घ्या, डोक्याला हेल्मेट आणि डोळ्यांना चष्मा लावा, शिडी सरळ डोक्यावर येईल तिथे न लावता थोडी बाजूला लावा, आणि घराचं सगळं छत हातोडीने हलकेच ठोकत जा. फक्त स्वयंपाकघराचं नाही, सगळं. भरीव काँक्रीटचा आवाज टणक येतो, सुटलेल्या भागाचा पोकळ. जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने गोल करा. सळया साधारण सहा इंचांवर असतात, तेव्हा सहा-सहा इंचांवर समांतर बारीक भेगा दिसल्या तर त्या सळयांच्याच रेषा आहेत असं समजा, प्लास्टर अजून पडलेलं नसलं तरी. तपकिरी डाग म्हणजे गंज. पांढरे फुलोरे म्हणजे पाणी काँक्रीटमधून पाझरून चुना बाहेर आणतंय.

बहुतेक वेळा खडूची वर्तुळं उघड्या दिसणाऱ्या भागाच्या तिप्पट-चौपट निघतात. हे आधी कळलं तर खर्चाचा अंदाज खरा येतो. नाहीतर काम सुरू झाल्यावर रोज नवा आकडा ऐकावा लागतो.

ठोकून झालं की ठरवता येईल की हे काम गवंड्याचं आहे की आधी इंजिनिअरचं. तुळईला टेकणाच्या जवळ तिरकी भेग असेल, तुळईच्या खालच्या सळया उघड्या पडल्या असतील, भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणल्यावर स्लॅब मधे झोळ खाल्लेला दिसत असेल, किंवा एका खोलीच्या छताचा चौथाईपेक्षा जास्त भाग पोकळ वाजत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणल्याशिवाय छिन्नीला हात लावू देऊ नका. त्याची फी या सगळ्या कामात सगळ्यात लहान रक्कम असते. त्याच्याकडून दोन चाचण्या मागा. एक फिनॉल्फथॅलिनची: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर हे रसायन फवारलं की अल्कधर्म शिल्लक असलेला भाग गर्द गुलाबी होतो आणि मेलेला भाग बेरंगच राहतो. गुलाबी कडा सळईच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे डोळ्यांनी दिसतं. सळईभोवती गुलाबी रंग आहे आणि तरी सळई गंजलीय, तर मिठाचा संशय पक्का. दुसरी चाचणी त्या मिठाची, म्हणजे क्लोराइडची. काँक्रीटची भुकटी काढून प्रयोगशाळेत देतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात आरसीसीसाठी मर्यादा दर घनमीटरला ०.६ किलो क्लोराइडची आहे. तुमचा आकडा त्याच्या बराच वर गेला तर तुकड्यातुकड्याच्या दुरुस्तीवर फार पैसे घालू नयेत, असं मी स्पष्ट सांगेन. तो स्लॅब काढून नवा टाकण्याचा हिशेब करून पाहावा.

आता त्या तीन इंची कोब्याबद्दल. गवंड्याचा हेतू वाईट नाही, पण वजनाचा हिशेब कोणी करत नाही. तीन इंच म्हणजे ७५ मिलिमीटर. कोब्याचं वजन घनमीटरला साधारण दोन टन धरलं तरी चौरस मीटरला दीडशे किलो होतं. तुमचं स्वयंपाकघर दहा बाय बाराचं असेल तर त्याच्या डोक्यावर पावणेदोन टनांच्या आसपास कायमचं नवं वजन चढेल. वर जाता येणाऱ्या गच्चीचा स्लॅब डिझाइन करताना माणसांसाठी वगैरे जो वापराचा भार धरतात, तो चौरस मीटरला दीडशे किलोच असतो. म्हणजे माणसांसाठी ठेवलेली सगळी जागा कोबा खाऊन टाकणार, आणि तेही सळया बारीक झालेल्या स्लॅबवर. त्यात तुमच्या गच्चीवर १९९२ चा मूळ विटांचा कोबा असणारच. जुन्यावर नवा थर कधीही चढवू नये.

वजनाखेरीज दुसरं कारणही आहे. जुन्या ब्रिकबॅट कोब्यात विटांचे तुकडे आणि मसाला असतो. त्याला वरून तडे गेले की तो स्पंजासारखा पाणी पिऊन बसतो. पावसाळा संपल्यावर दिवाळीपर्यंत छत ओलं राहतं ते याच पाण्यामुळे. वर नवा कोबा टाकलात तर हे पाणी आत कोंडलं जाईल आणि त्याला बाहेर पडायला एकच वाट उरेल, तुमच्या स्वयंपाकघराकडची. आणखी एक: पाणी कोब्यातून आडवं फिरतं. छताला जिथे थेंब दिसतो तिथेच वर भोक असेल असं नाही. दहा-बारा फुटांवरच्या कठड्याच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी तुमच्या शेगडीवर टपकू शकतं.

म्हणून गच्ची तपासताना भेगांच्या आधी सांधे पाहा. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई देतात, तिला वाटा म्हणतात, तो फुटलाय का. पावसाळी पाइप जिथे स्लॅबमधून बाहेर जातो तिथे बाजूने फट आहे का. टाकीच्या चौथऱ्याचे पाय, सोलरचे पाय, कपडे वाळत घालायच्या तारेचे खांब, जुन्या अँटेनाचा पाइप, यातल्या प्रत्येकाच्या बुडाशी पाणी शिरतं. टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवली असेल तर हजार लिटर म्हणजे एक टन वजन, तीही भिंतीच्या डोक्यावर सरकवून घ्या. आणि तिचा ओव्हरफ्लो गच्चीवर सोडलेला असेल तर तो पाइपने थेट खाली न्या. बारा महिने गच्ची ओली राहण्याचं हे इतकं साधं कारण अनेक घरांत कोणाच्या लक्षातही येत नाही.

गच्चीसाठी माझ्या मते तीन रस्ते आहेत. जुना कोबा भक्कम असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल, ढाळ नीट असेल, तर तो ठेवा. भेगा इंग्रजी व्ही आकारात कापून पॉलिमर मसाल्याने भरा, वाटा नव्याने करा आणि वर सिमेंट-पॉलिमरच्या कोटिंगचे दोन हात, मध्ये फायबरची जाळी. पण कोबा पूर्ण सुकलेला हवा. ओल्यावर कोटिंग मारलं की उन्हात वाफ धरून त्याला फोड येतात आणि एका मोसमात सोलून निघतं. एप्रिलच्या शेवटी हे काम केलेलं बरं.

कोबा पोकळ असेल, ढाळ उलटा झाला असेल, तर तो स्लॅबपर्यंत काढून टाका. काढताना ब्रेकर मशीन वापरू देऊ नका. गंजलेल्या स्लॅबला ते हादरे सोसत नाहीत. छिन्नी-हातोडीने, भाग भाग करून काढायचा, आणि डबर गच्चीवर ढीग करून न ठेवता त्याच दिवशी खाली उतरवायचा. एका कोपऱ्यात रचलेला डबर हेही स्लॅबवर वजनच आहे. स्लॅब उघडा झाला की त्यावर पॉलिमर कोटिंग, मग शंभर फुटांना निदान एक फूट असा ढाळ देऊन हलका थर, सगळ्या बाजूंनी वाटा. काम झाल्यावर पाइप बंद करून गच्चीवर दीड-दोन इंच पाणी उभं करा आणि दोन दिवस ठेवा. ही चाचणी झाल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नयेत.

तिसरा रस्ता पत्र्याच्या शेडचा. शेडला नाक मुरडणारे लोक आहेत. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या पट्ट्यात, तीस वर्षांच्या जुन्या स्लॅबसाठी मी बहुतेकांना शेडच सुचवतो. पाऊस थेट स्लॅबवर पडायचाच थांबतो, उन्हाने स्लॅब तापून-आकसून भेगाळायचा थांबतो, आणि वजन कोब्याच्या मानाने किरकोळ. अटी दोन. खांब भिंतींच्या डोक्यावर यावेत, स्लॅबच्या मधे नाही, आणि खांबांच्या पायाच्या प्लेटा बोल्ट ठोकल्यावर नीट बंद कराव्यात, नाहीतर शेडच गळतीची नवी जागा होते. दुसरी अट बांधणीची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडात किती पत्रे उडाले ते तुम्हाला सांगायला नको. कडेच्या पत्र्यांना बोल्ट दाट हवेत आणि कैच्या खांबांना, खांब भिंतीतल्या काँक्रीटला पक्के धरलेले हवेत. ग्रामपंचायतीत परवानगीचं आधी विचारून घ्या.

वरचं पाणी थांबलं की खालच्या कामाकडे या. इथे घाई करू नका. छत किमान महिनाभर सुकू द्या. मग खडूची वर्तुळं फोडायला घ्यायची. टेकू लावलेले हवेत आणि एका वेळी सगळी खोली न फोडता पट्ट्या-पट्ट्यांनी फोडायचं.

फोडण्याची खोली हा दुरुस्तीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी अर्धवट होतो. गवंडी सळईचा खालचा अर्धा भाग दिसेपर्यंत फोडतो आणि थांबतो. सळईच्या वरच्या बाजूला गंज तसाच राहतो, तिथे ब्रशही पोचत नाही. सळईच्या मागे बोट जाईल इतकं, म्हणजे वीस-पंचवीस मिलिमीटर, काँक्रीट निघालं पाहिजे. लांबीतही तसंच: गंज दिसतो तिथे न थांबता, सळई स्वच्छ आणि करडी दिसेपर्यंत आणि त्यापुढे चार-सहा इंच. फोडलेल्या भागाची कड ग्राइंडरने एक सेंटिमीटर सरळ कापून घ्या. कड निमुळती ठेवली तर नवा मसाला तिथे कागदासारखा पातळ होतो आणि तिथूनच सुटायला लागतो.

सळई तारेच्या ब्रशने घासायची. ग्राइंडरला लावायचा वायर ब्रश मिळतो, तो वापरला तर काम चांगलं होतं. लोखंडाचा मूळ करडा रंग दिसला पाहिजे. नुसतं रस्ट रिमूव्हर फासून घासणं टाळू नका. आणि आम्लाचं रिमूव्हर वापरलंच तर ते पाण्याने पूर्ण धुऊन काढा.

घासल्यावर सळईची जाडी मापा. व्हर्नियर प्रत्येक चांगल्या फॅब्रिकेटरकडे असतो. आठ मिलिमीटरची सळई सात मिलिमीटर झाली तर ऐकायला एक मिलिमीटर गेला, पण छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ पाव भाग गेलं, म्हणजे ताकदही तेवढी गेली. पाचव्या हिश्शापेक्षा जास्त क्षेत्रफळ गेलं असेल तर शेजारी नवी सळई घालायची. तिचा जोड दोन्ही टोकांना चांगल्या सळईवर पन्नास व्यास चढला पाहिजे, आठ मिलिमीटरला ४०० मिलिमीटर, म्हणजे सोळा इंच. त्यासाठी तेवढं जास्त फोडावं लागतं, ते फोडा. जोड बाइंडिंग तारेने बांधायचा. जुन्या टॉर सळईला वेल्डिंग करू देऊ नका. थंड पिळून आणलेली तिची ताकद उष्णतेने उतरते.

मग सळईवर गंजरोधक कोटिंग, डब्यावर लिहिल्याप्रमाणे एक किंवा दोन हात. त्यानंतर जुन्या काँक्रीटला बाँड कोट, म्हणजे नवा मसाला जुन्याला धरून राहावा म्हणून लावायचा चिकट थर. इथे लक्ष द्या. धूळ पाण्याने धुऊन काँक्रीट आतून ओलसर पण वरून कोरडं हवं. बाँड कोट चिकट असतानाच त्यावर मसाला चढला पाहिजे. गवंडी सकाळी सगळ्या छताला बाँड कोट मारून चहाला गेला आणि दुपारी मसाला लावायला आला, तर तो सुकलेला थर पकड देण्याऐवजी उलट मसाला वेगळा करतो. हात पुरेल तेवढंच मारायचं. आणि हार्डवेअरच्या दुकानात काही ठिकाणी सिमेंटमध्ये घालायला म्हणून लाकडाचा पांढरा गोंद देतात, तो अजिबात घेऊ नका. ओल आली की तो परत विरघळतो. एसबीआर (कृत्रिम रबराचं) किंवा अॅक्रिलिक लॅटेक्सच हवं, म्हणजे मसाल्यात घालायचं दुधाळ पॉलिमर.

मसाल्याचं प्रमाण सहसा एक किलो लॅटेक्स, पाच किलो सिमेंट आणि पंधरा किलो चाळलेली, धुतलेली वाळू. पाणी अगदी थोडं, मसाला मुठीत दाबला तर गोळा राहील आणि हात ओला होणार नाही इतपत. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवायचा. अर्धवट धरलेल्या मसाल्यात पाणी घालून परत कालवला की तो गेला. छताला एका थरात दहा-बारा मिलिमीटरच्या वर जायचं नाही. पहिला थर बोटांनी आणि थापीने सळईच्या मागे दाबून भरायचा, तिथे पोकळी राहिली तर सळई पुन्हा तिथूनच गंजेल. तो धरला की खरखरीत करून दुसरा. भाग मोठा आणि खोल असेल, दोन इंचांच्या वर, तर हाताने भरण्याऐवजी खालून फळी लावून मायक्रो काँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं पातळ वाहणारं तयार काँक्रीट, ओतणं चांगलं, पण ते सवय असलेल्या माणसाचंच काम.

क्युअरिंगबद्दल एक गैरसमज आहे. साध्या सिमेंटच्या कामाला आपण सात-दहा दिवस पाणी मारतो, ते बरोबर. पॉलिमर मसाल्याला पहिले दोन दिवस ओलं ठेवायचं आणि मग सुकू द्यायचं, कारण त्यातल्या पॉलिमरचा पडदा सुकतानाच तयार होतो. आठवडाभर त्यावर पाणी मारत राहिलात तर नुकसानच.

मिठाचा स्लॅब असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे गवंड्याला बोल लागणार नाही. दुरुस्त केलेला तुकडा अल्कधर्मी होतो आणि शेजारच्या जुन्या, खारट काँक्रीटमधली सळई त्या मानाने जास्त गंजू लागते. दोन-तीन वर्षांनी नव्या तुकड्याच्या कडेभोवती गोल भेग येते ती यामुळे. सळईला बांधायचे जस्ताचे छोटे अॅनोड मिळतात, ते तुकड्याच्या कडेला लावले तर जस्त आधी गंजतं आणि सळई वाचते. महाग आहेत, पण स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या छताला मी लावायला सांगतो.

प्लास्टर या सगळ्यानंतर. आणि खरं सांगायचं तर दुरुस्ती सारखी झाली असेल तर छताला प्लास्टर नसलेलंच बरं. बारीक पुट्टी घासून रंग द्या. प्लास्टर नसेल तर पुढची भेग लगेच दिसते.

सिमेंट-वाळूबद्दल थोडं. किनाऱ्यावर नवीन काँक्रीटचं कोणतंही काम असेल तर स्लॅगचं सिमेंट, म्हणजे पीएससी, मिठाच्या विरोधात चांगलं. ते किंवा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, वापरलंत तर पाणी मारायचे दिवस दहाच्या खाली आणू नका. वाळू खाडीची नको. व्हीएसआय मशीनवर दगड फोडून केलेली, धुतलेली क्रश सँड आता सगळीकडे मिळते. शंका आली तर काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवा, तासाभराने वर बसलेला गाळाचा थर पाहा. कालवायचं पाणी पिण्यालायक हवं. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी स्लॅबला नाही चालत. आणि पाण्याचं माप: हाताने मोजून घातलेल्या एम २० प्रतीच्या काँक्रीटला ५० किलोच्या पोत्यामागे तीस लिटर ही वरची मर्यादा आहे, त्यात वाळूत असलेलं पाणीही आलं. नळी धरून डोळ्यांच्या अंदाजाने पाणी घालणाऱ्या बिगाऱ्याच्या हातात एक खूण केलेली बादली द्या. काम पसरायला सोपं व्हावं म्हणून घातलेलं प्रत्येक जास्तीचं लिटर पुढे भोकं सोडून जातं आणि मीठ, हवा, पाणी त्या भोकांतूनच आत येतं. तुमचा मूळ स्लॅबही बहुधा असाच झाला असेल.

ठरवताना गवंड्याशी उक्त्या रकमेवर बोलू नका. खडूची वर्तुळं दोघांनी मिळून मोजा आणि चौरस फुटाचा दर वेगवेगळा ठरवा: फोडणं आणि सळई साफ करणं, नवी सळई किलोवर, मसाल्याचा दर इंच जाडीला. लॅटेक्स आणि कोटिंगचे डबे तुम्ही स्वतः आणा, रिकामे डबे शेवटपर्यंत ठेवायला सांगा. सळई घासून झाली की मसाला चढण्याआधी तुम्हाला दाखवायची आणि मोबाइलवर फोटो काढायचा, ही अट बोलीत घाला. चांगल्या गवंड्याला तिचा राग येत नाही. त्याची मेहनत दिसायची तेवढी एकच संधी असते.

वेळेचा आराखडा असा ठेवा. पाऊस संपल्या संपल्या, छत ओलं असतानाच, ठोकून आणि ओलीच्या खुणा करून घ्या, कारण उन्हाळ्यात त्या दिसत नाहीत. दिवाळीनंतर इंजिनिअर आणि चाचण्या. जानेवारी-फेब्रुवारीत कोबा काढणं किंवा शेड. मार्चमध्ये खालचं फोडकाम आणि मसाला. कोटिंग करायचं असेल तर एप्रिलमध्ये, आणि मे महिन्यात पाणी उभं करून चाचणी.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती मला या सगळ्यापेक्षा जास्त काळजीची वाटते. स्वयंपाकघराच्या खिडकीवर छज्जा असेल किंवा पुढे बाहेर आलेली गॅलरी असेल, तर तीही याच वर्षी, याच रेतीत झालेली आहे. आतल्या स्लॅबच्या मुख्य सळया खालच्या बाजूला असतात, म्हणून तो गंजला की प्लास्टर पडून आपल्याला सांगतो. छज्जाच्या आणि गॅलरीच्या मुख्य सळया वरच्या बाजूला, भिंतीच्या तोंडाशी असतात. त्या गंजल्या तरी खालून काही दिसत नाही आणि छज्जा इशारा न देता तुटतो. तेव्हा शिडीवर चढून छज्जाची वरची बाजू पाहा: भिंतीला समांतर भेग, तपकिरी डाग, साठलेलं पाणी, उगवलेलं रोपटं. यातलं काही दिसलं तर छज्जावर पाय देऊ नका, त्यावर कुंड्या किंवा एसीचं बाहेरचं युनिट असेल तर उतरवा आणि खाली टेकू लावा. रंगारी छज्जावर उभं राहून रंग मारतात, त्यांना तर आधीच मनाई करा. इंजिनिअर आला की त्याला पहिल्यांदा छज्जाच दाखवा.